फवाऱ्यासमोरची खुर्ची

वाशीम, १२ मे

ती. ताईस,
वीरेंद्रचा सा. न. वि. वि.

संस्कृतीचं लग्न निर्विघ्न पार पडलं, असं धनराजदादा तुला फोनवर सांगेल. विश्वास ठेवू नकोस. विघ्न आलं, भरमांडवात आलं, आणि थेट माझ्यावर आलं. तुझं गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं याच महिन्यात निघालं नसतं, तर माझ्या बाजूनं एक तरी साक्षीदार असता.

हकीकत अशी. मालेगाव रस्त्यावरच्या सेवालालभाऊंच्या मंगल कार्यालयाला वर टिन आहे. बाहेर त्रेचाळीस अंश, आत त्याहून काकणभर जास्त. माणसानं जगावं अशी आत एकच जागा : पाण्याचे बारीक तुषार उडवणारा एक भला मोठा पंखा, आणि त्याच्यासमोरच्या दोन रांगा. वऱ्हाड यायच्या आधीच मी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरून बसलो. नवरीचा सख्खा काका, पन्नाशी उलटलेली, साप्ताहिकात इतकी वर्षं विनोदी सदर लिहिणारा माणूस. एवढ्या पात्रतेवर गावात सरपंचकी मिळते. मी एक खुर्ची मागत होतो.

जेमतेम मान गार झाली, तोच दादा आला आणि म्हणाला, वीरू ऊठ, इवाई आले, जगदेवरावांले बसू दे. उठलो. नवरदेवाच्या बापाला नाही कोण म्हणणार? पण मग त्यांचे ऐंशीचे चुलते आले, मग मामा, मग मामांचे साडू. शेवटी नवरदेवाच्या गाडीचा ड्रायव्हर दुसऱ्या रांगेत पाय पसरून बसला आणि मी एका खांबामागं. खांबामागं वारा येत नाही, ताई. फक्त भटजींचा आवाज येतो.

रुसून उपाशीच परत आलो, असं लिहिणार होतो. पण वाढपी तुझ्या भावजयीच्या, चंदाच्या ओळखीचा निघाला आणि बायकोसमोर मला खोटं लिहिता येत नाही. जेवलो. पण रुसूनच जेवलो.

लोभ असावा. तो नसल्यास, गुडघा वाकू लागताच दादाशी भांडायला तरी यावं.

तुझा,
वीरू


अमरावती, २० मे

चि. वीरूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनपेक्षा हे बरं. फोनवर तुला मध्येच थांबवता येत नाही, पत्र घडी करून ठेवता येतं. कोण कुठं बसलं ते तुला ड्रायव्हरपर्यंत पाठ आहे. नवरीचा शालू कुठल्या रंगाचा होता, ते विचारलं तर चंदाकडे बघशील.

दादाचा फोन होता. जगदेवरावांना ताप आलाय आणि खोकला. उन्हाचा असेल म्हणतात. रुसवा खांबामागं ठेव आणि रिठदला जाऊन विचारपूस करून ये. मुलगी दिलेली आहे तिथं.

माया आहेच, ती मोजायला बसू नकोस, तुला कमीच भरेल.

ताई


वाशीम, ४ जून

ती. ताईस सा. न.

या पत्रात थट्टा कमी भरली तर समजून घे.

जगदेवराव नागपूरला आहेत, श्वासाच्या मशीनवर. त्यांचे ते चुलते परवा गेले. मामा अकोल्याला भरती, ड्रायव्हर इथं वाशीमला. सगळ्यांना न्यूमोनिया, आणि सगळे आपल्या लग्नातले. गावोगाव एकच चर्चा चालू आहे, की वाशीमवाल्यांनी जिलबीत काय घातलं.

सरकारी यंत्रणा हलली, हे मान्य करायला हवं. रिठदला डासांसाठी असा धूर सोडला की म्हशींनाही आपला गोठा सापडेना. पाणी उकळून प्या म्हणून भोंगा फिरला. हात धुण्याची पत्रकं वाटली. एक अर्ज आला, पानभर नुसतं काय काय खाल्लं ते. मी जिलब्या तीन लिहिल्या. चंदानं शेजारी बसून त्याच्या सात करायला लावल्या.

मग कार्यालयाची पाहणी झाली. पेपरवाला म्हणून मीही मागं गेलो. सेवालालभाऊंचा पाहुणचार तुला माहीत नाही. चौकशीला आलेल्या माणसालाही ते उभं ठेवत नाहीत. पथकाला त्याच पंख्यासमोर बसवलं, पंखा फुल्ल केला, लस्सी आणली. आरोग्य खात्याचे साहेब तुषारांत भिजत पिण्याच्या पाण्याबद्दल विचारत होते. खुर्च्या संपल्या म्हणून मी पुन्हा त्याच खांबाशी. त्यावर या आठवड्याच्या सदरात मी डास, धूर आणि लस्सी असा मजकूर लिहिला. लोक हसले. मीही हसलो, पण काल रिठदला जाऊन आलो आणि हसू गेलं.

विहीणबाई, प्रयागबाई, चार बायकांत बसल्या होत्या. मी उंबऱ्यात असतानाच म्हणाल्या, पोरगी घरात आली अन् घरातला कर्ता मानूस आडवा झाला, दुसरा त उचलूनच नेला, याले पायगुन नाई म्हनाचं त काय म्हनाचं? संस्कृती तिथंच चहा गाळत होती. तिनं सगळे कप भरले. बी.एस्सी. झालेली पोरगी, ताई. चहा मात्र कोणीच प्यायलं नाही.

आशीर्वाद असू दे. सध्या तेवढीच वस्तू उकळून घ्यावी लागत नाही.

वीरू


अमरावती, १२ जून

चि. वीरूस आशीर्वाद.

पंखा बंद करायला फोन केला होता, आता बाकीचं लिहिते.

नागपूरच्या डॉक्टरांशी बोलले. जगदेवरावांच्या लघवीच्या तपासणीत लिजिओनेला नावाचा जंतू निघाला. साठून कोमट झालेल्या पाण्यात तो वाढतो. जेवणातून होत नाही, डासातून नाही, एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेले की फुप्फुस धरतो. म्हातारपण, बिडी, शुगर असली की जास्त. साथरोगाच्या खात्यात माझी सगळी नोकरी झाली, पण हा मी कागदावरच पाहिला होता. आता घरात आलाय.

त्या अर्जात जिलबी विचारली आणि जागा विचारलीच नाही. तू मला एवढंच कळव : आजारी पडलेलं प्रत्येक माणूस त्या दिवशी कुठं बसलं होतं? आणि त्यांच्याभोवती बसून ठणठणीत राहिलेले कोण? अंदाज नको. तुला अंदाजाची गरजही नाही. तुला खुर्चीवरून उठवलेलं प्रत्येक लग्न तुझ्या ध्यानात असतं.

संस्कृतीला मी रोज फोन करते. बरी आहे म्हणते. तिनं इतक्या वेळा बरी आहे म्हटलं, की मला झोप नाही.

ताई


वाशीम, २२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

नकाशा सोबत जोडला आहे. चंदा म्हणाली, संसारात इतकं लक्ष दिलं असतं तर. तिकडं दुर्लक्ष कर.

डोळे मिटले की ती दुपार समोर उभी राहते. कोणाला कोणी हात धरून आणलं, कोणी नाही नाही म्हणत अलगद बूड टेकलं, सगळं. ताई, आजारी पडलेला एकूणएक माणूस त्या दोन रांगांतला. मागं साडेचारशे माणसं तीच जिलबी खाऊन आज पेरणी करत आहेत. म्हणजे ज्यांचा मान झाला ते दवाखान्यात, ज्यांचा अपमान झाला ते घरी. आपल्याकडं मान कसा ओळखायचा? ज्याला पंख्यापुढं बसवलं तो मोठा. साथीनं ती उतरंड तंतोतंत पाळली. ड्रायव्हरला मी उगाच शिव्या घातल्या. बिचारा आता जिना चढताना बसतो. आणि माझी फुप्फुसं शाबूत आहेत ती निव्वळ दादानं मला उठवलं म्हणून.

पाहणीला आलेल्यांपैकी साहेब आणि आरोग्यसेविका निता, दोघंही तापानं पडले. तेच दुखणं. योग्य औषध लवकर मिळालं म्हणून उठून बसले आहेत. सेवालालभाऊ हे ऐकून इतके घाबरले की त्यांनी पंख्याखालचा ड्रम ब्लीचिंग टाकून रात्रंदिवस घासला आणि वरून रंगवला. नमुना घ्यायला माणूस आला तेव्हा ड्रम नवरीसारखा चकचकीत. त्यात जंतू कुठून मिळणार? स्वतःच्या हातानं गुन्हेगाराला घरी सोडलं आणि वर साबण दिला.

दुसरी बातमी. या साथीत जे काही केलं त्याचं मूल्यमापन करायला समिती नेमली आहे आणि तीत नागरिक सदस्य म्हणून मी. थट्टा करणाऱ्याला आत घेतलं की तो चहा पिऊन गप्प बसतो, हा हिशोब. मूल्यमापन म्हणजे करायचं काय, ते कळव. मला आजवर फक्त निंदा येते.

जगदेवराव मशीनवरून उतरले, या आठवड्यात घरी येतील. आणि आखाड लागायला चार दिवस असतानाच संस्कृती आखाडीला आली. पहिल्या आषाढात पोरगी माहेरी येते, त्यात नवल नाही. पण आखाडीला पोरी पिशवी घेऊन येतात. ही दोन्ही सुटकेसा घेऊन आली. हरीओम सोडायला आला होता. जावई भला आहे, पण आईसमोर त्याचा आवाज निघत नाही. पाणी प्यायला आणि गेला.

लोभ वाढव. इकडं गरज आहे.

वीरू


अमरावती, ३० जून

चि. वीरूस आशीर्वाद.

निंदा येते तर अर्धं काम झालं. आता उरलेलं अर्धं.

समितीत लोक मोजायला लागतील : किती घरांत धूर, किती पत्रकं, किती बैठका. मोजू देत. तू फक्त विचार, की या सगळ्यामुळं एक तरी माणूस आजारी पडायचा वाचला का. पहिला रुग्ण भरती झाल्यापासून पंखा बंद होईपर्यंत इतका वेळ का गेला. रुग्णांना जागा का विचारली नाही. ड्रम आधी सील का केला नाही. कोणाला फाशी द्यायची म्हणून नाही. पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात पुन्हा असे पंखे लागतील, म्हणून.

जंतू ड्रममध्ये मिळाला नाही, तरी कोण कुठं बसलं यावरून बोट पंख्याकडंच जातं. खात्रीनं नाही म्हणता आलं, तर दाट शक्यता म्हणा, पण म्हणा. नाहीतर अहवालात हवामान बदल वगैरे घालतील आणि रिठदला पायगुणच कायम राहील. मात्र पोरीसाठी म्हणून एक अक्षर वाकडं करू नकोस. जे झालं तेवढंच सरळ लिहिलं तरी ती सुटते.

आणि कोणी कुत्सित हसलं तर हसू दे. तू आयुष्यभर दुसऱ्यांना हसलास.

ताई


वाशीम, २४ जुलै

ती. ताईस सा. न.

बैठक झाली. साहेब बरे होऊन आले होते, आवाज अजून बसलेला. मसुद्यात लिहिलं होतं, प्रतिसाद समाधानकारक, कारण अनिर्णीत, वातावरणातील बदल संभवनीय. मी तू लिहिलेले प्रश्न विचारले. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर म्हणून बिस्किटं आली. मग मी नकाशा पसरला.

एका सदस्यानं विचारलं, अहो, पाचशे माणसांच्या लग्नात कोण कोणत्या खुर्चीवर होतं हे तुमच्या लक्षात कसं? आता काय सांगू? लेखक आहे म्हणालो असतो तर कोणी मानलं नसतं. म्हणून खरं ते सांगितलं, की मला तिथून उठवलं होतं आणि मी दोन तास खांबामागून एकेकाला बघून जळत होतो. खोली हसली. पोट धरून हसली. साहेब मात्र हसले नाहीत. ते नकाशाकडं बघत म्हणाले, आमालेही सेवालालभाऊनं तिथंच बसवलं होतं. निता शेजारीच होती. ती म्हणाली, सर, मला तर तुमीच म्हनले होते का पंख्याकडं सरक.

त्यानंतर कोणी हवामान बदलाचं नाव काढलं नाही. पंख्याचे तुषार हेच दाट शक्यतेचं कारण, अन्नाचा संबंध आढळला नाही, असं अहवालात आलं. ज्या कार्यालयांत असे पंखे आहेत तिथं आता ड्रम दर आठवड्याला रिकामा करून घासायचा आहे, आणि पथकानं आल्याबरोबर आधी पंखा बंद करायचा आहे. इतिवृत्तात माझ्याविषयी लिहिलंय ते जसंच्या तसं देतो : सदर सदस्य प्रसंगी नाराज असल्याने त्यांचे निरीक्षण सूक्ष्म व विश्वसनीय असल्याचे समितीचे मत झाले. एवढ्या वर्षांच्या लिखाणाला मिळालेली ही पहिली सरकारी पावती.

पण खरी गोष्ट अजून अडलेलीच आहे. आखाड आज संपला. रिठदहून कोणी आलं नाही. हरीओमचा चोरून फोन येतो. दादा म्हणतो, आपणच नेऊन सोडू, पोरीकडच्यांनी ताठा धरू नये. संस्कृतीनं भाजी निवडता निवडता शांतपणे सांगितलं, की सासूबाई स्वतः न्यायला आल्या तर जाईन, हरीओम एकटा आला तर येणार नाही. तो शब्द त्यांनी चार बायकांत टाकला, त्यांनीच उचलावा. दादा जेवला नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही.

काय करू?

वीरू


अमरावती, २९ जुलै, नागपंचमी

वीरू,

पोरीचं बरोबर आहे. रिठदला तू जा. अहवाल ने, पण वाचू नकोस; त्या भाषेनं ताप उतरत नाही. खुर्ची कोणाची होती ते सांग.

ताई


वाशीम, ११ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू वाचू नकोस लिहिलं होतंस, म्हणून मी आधी वाचला. सदर, तथापि, उपरोक्त. प्रयागबाई तांदूळ निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या. जगदेवराव ओसरीवर बाजेला टेकून होते. निम्मे झालेत ग. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतोय. तेच म्हणाले, भाऊ, राहू द्या, आमाले सरकारी समजत नाई.

मग मी अहवाल घडी केला आणि सांगितलं, की ती खुर्ची माझी होती. तुम्ही यायच्या आधी मी तिच्यात बसलो होतो. दादानं उठवलं म्हणून उठलो, आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत बसलो. पंख्याच्या पाण्यात दुखणं होतं. ते ज्याच्या नाकासमोर होतं त्याला झालं. संस्कृती तर बोहल्यावर होती, त्या पंख्याकडं ती फिरकलीसुद्धा नाही. उठलो नसतो तर आज मी बाजेवर असतो आणि तुम्ही मला बघायला आला असता. मग काय चंदाचा पायगुण म्हणणार? तिला घरात येऊन पंचवीस वर्षं झाली.

प्रयागबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, मंग तुमी उठले काहून?

ताई, याचं उत्तर मी घरून तयार करून नेलं नव्हतं. म्हटलं, पोरीकडचा माणूस उठतोच.

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग तांदळाकडंच बघत, बाजेकडं हात करून म्हणाल्या, की याहीचा सदरा भिजला होता मांडवात. मले निरोप धाडला का उठून मांगं बसतो, थंडी वाजून राह्यली. म्याच सांगून धाडलं, बसून राहा, मानाची जागा हाय, उठले त लोक काय म्हनतीन. मामंजीयलेही म्याच त्याहीच्या बाजूले बसवलं होतं.

मामंजी म्हणजे ते गेलेले चुलते.

तेव्हा मला कळलं, की पायगुण म्हणून ही बाई इतके दिवस कोणाकडं बोट दाखवत होती आणि का. विनोदी लेखक असल्याचा उपयोग अशा वेळी काडीचाही होत नाही. मी एवढंच म्हणालो, की दवाखान्यातले साहेबसुद्धा तिथंच बसले, विहीणबाई, शिकलेले साहेब; कोणालाच माहीत नव्हतं. जगदेवराव म्हणाले, मी उठलो असतो त तूच चार वर्सं बोलली असती. त्यावर त्या डोळ्याला पदर लावून चिडल्या, आणि चिडल्या म्हणून मला बरं वाटलं.

संस्कृतीची अट मी सांगितली. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. निघताना हातात एक पितळी डबा दिला. म्हणाल्या, पोरीले जवसाची चटनी लागते, तिकडं वाशीमले कोन कुटून देते तिले.

संस्कृतीनं तो डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावून आत गेली. पुन्हा बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

तुझी माया असू दे. मी सध्या उधळपट्टी करतोय.

वीरू


वाशीम, १९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आत लिहितो आहे, कारण दादा फोनवर रडतो आणि तुला धड काही कळणार नाही.

काल सकाळच्या एस.टी.नं प्रयागबाई आल्या. हरीओम पिशव्या धरून दोन पावलं मागं. शेजारच्या बायका अंगणात यायचं काहीच कारण नव्हतं, तरी आल्या. प्रयागबाई ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, बाई, मी बोलली ते चुकली. माह्या जीवाले खात होतं ते तुह्या अंगावर टाकलं. चाल आता, तुह्या सासऱ्यालेही माह्या हातचा चहा गोड लागत नाई.

संस्कृती म्हणाली, आई, तुम्ही साखरच कमी टाकता. बायका हसल्या. प्रयागबाईही हसल्या. हरीओम सगळ्यात उशिरा हसला, आईकडं बघून घेतल्यावर. पोरीनं तासाभरात बॅगा भरल्या, दादानं त्या बॅगांकडं बघायचं टाळलं, आणि दुपारच्या गाडीनं ते तिघं गेले.

आता तुझा गुडघा चालता झाला असेल तर पोळ्याला ये. तोवर लोभ जसा आहे तसा ठेव, वाढवलास तर मी लगेच सदरात लिहीन.

तुझा,
वीरू

ता. क. आलेला डबा रिकामा परत धाडत नाहीत. चटणी तर पोरीनं दोन दिवसांत संपवली होती. म्हणून परवा चंदा देवळात गेली तेव्हा मीच मुरमुऱ्याचा चिवडा केला. कांदा करपला, शेंगदाणे कच्चे राहिले. डबा घासून, तो चिवडा भरून, काल संस्कृतीच्या सामानात कपड्यांच्या खाली ठेवून दिला. कोणाला सांगितलं नाही.